आरोग्याचा पाठ : सूज एक, कारणे अनेक. किडनीचा तुकडा काय सांगतो?



आपल्या अंकातला आरोग्याचा पाठ तुम्ही गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचता, हे आम्हाला ठाऊक आहे. या वेळचा पाठ जरा अवघड आहे. त्यात इंग्रजी नावे आहेत, प्रयोगशाळा आहे, सूक्ष्मदर्शक आहे. पण घाबरू नका. ज्या बाईला व्याजाचा हिशेब आणि बँकेचा फॉर्म समजतो, तिला किडनीचा रिपोर्टही समजू शकतो. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत वाचा.

हा पाठ का लिहिला, ते आधी सांगते.

आपल्या महासंघातल्या एका गटातली ताई. तिच्या परवानगीने लिहिते आहे, नाव-गाव सांगत नाही. वय २७, पदरात ७ महिन्यांचे लेकरू. सकाळी उठली की डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी पायांना सूज, पैंजण रुतायचे. सांधे दुखायचे, उन्हात गेले की गाल लाल व्हायचे, केस गळायचे. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतपणाची सूज आहे, उतरंल." कुणी अशक्तपणा म्हणाले, कुणी लघवी होण्याची गोळी दिली. सूज दोन दिवस उतरायची, पुन्हा चढायची. असे ४ महिने गेले.

शेवटी लघवी तपासली. लघवीतून भरपूर प्रोटीन जात होते आणि रक्ताच्या पेशीही होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी सांगितले, "किडनीची बायोप्सी करावी लागेल. छोटा तुकडा काढून तपासायचा." आणि घरात गोंधळ सुरू झाला. दीर म्हणाले, "किडनीला सुई टोचली की किडनी कायमची जाते." जाऊबाई म्हणाली, "सोनोग्राफी झाली, रक्त झालं, आता तुकडा कशाला?" त्यात आणखी २ महिने गेले.

जाऊबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो आपल्यापैकी कुणालाही पडेल. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे हा पाठ.

१. आधी किडनी समजून घेऊ

आपल्याला दोन किडन्या असतात, कमरेच्या वर पाठीच्या बाजूला. प्रत्येक किडनी साधारण मुठीएवढी. तिच्या आत सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. एक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. द्राक्षाचा घड डोळ्यांसमोर आणा. मणी म्हणजे रक्तवाहिन्यांचे वेटोळे आणि मधला देठ म्हणजे त्यांना धरून ठेवणारा आधार. हा घड आणि देठ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. डॉक्टर या गाळणीला ग्लोमेरुलस म्हणतात.

या सगळ्या गाळण्या मिळून दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. १५ लिटरचा हंडा धरला तर १२ हंडे! त्यातले जवळजवळ सगळे पाणी किडनी शरीराला परत देते आणि दीड-दोन लिटर लघवी होते.

गाळणी चांगली असेल तर रक्तातले प्रोटीन आणि रक्ताच्या पेशी आतच राहतात. पिठाच्या चाळणीला भोक पडले की कोंडा खाली येतो, तसेच गाळणी बिघडली की प्रोटीन लघवीत उतरते. मग लघवीला साबणासारखा फेस येतो. अंगात मीठ-पाणी साठते, सूज येते. रक्ताच्या पेशी उतरल्या तर लघवी कोऱ्या चहासारखी किंवा लालसर होते. बीपी वाढते.

गाळणीला दाह होऊन ती अशी बिघडते, त्याला नेफ्रायटिस म्हणतात. उन्हाळी लागणे, लघवीला जळजळ होणे, जंतुसंसर्ग होणे, हे वेगळे. नेफ्रायटिसमध्ये बहुतेक वेळा जळजळ होत नाही, दुखतही नाही. म्हणून तर तो अंगावर निघतो.

२. राखणदारच घरावर उठतो

आपल्या रक्तात जंतूंशी लढणारे राखणदार असतात. त्यांना अँटीबॉडी म्हणतात. त्यांचे प्रकार आहेत : आयजीजी, आयजीए, आयजीएम. त्यांच्या मदतीला कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने धावून येतात, त्यातली सी-३ आणि सी-१क्यू ही दोन नावे रिपोर्टात दिसतात.

कधी कधी हे राखणदार चुकतात. जंतूऐवजी स्वतःच्याच शरीरावर उठतात. किंवा जंतूशी लढल्यावर तयार झालेल्या गाठोड्यांचा गाळ किडनीच्या गाळणीत अडकून बसतो. गाळणी सगळे रक्त गाळते, त्यामुळे हा गाळ तिथेच साचतो. मग तिथे दाह होतो आणि गाळणी फाटू लागते.

आता मुद्दा बघा. बाहेरून सूज सारखीच, लघवीतले प्रोटीनही सारखेच. पण आत कोण येऊन बसले आहे आणि कुठे बसले आहे, ते प्रत्येक आजारात वेगळे. आजार वेगळा म्हणून औषधही वेगळे. सोनोग्राफीत किडनीचा आकार कळतो, मुतखडा कळतो. पण गाळणीत कोण बसले आहे ते सोनोग्राफीला दिसत नाही. रक्ततपासणी अंदाज देते. खात्री करायला बऱ्याचदा गाळणीच बघावी लागते. म्हणून तुकडा.

३. हिरवा बिल्ला

तुकडा काढला तरी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली या अँटीबॉडी ओळखू येत नाहीत. गाळणी सुजलेली दिसते, पेशी वाढलेल्या दिसतात. पण बसलेली अँटीबॉडी आयजीजी आहे की आयजीए, हे तिथे कळत नाही.

यावरची युक्ती अमेरिकेतील डॉक्टर अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली काढली. आपल्या गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो ना? कळपातले कोणते जनावर कोणाचे, ते बिल्ल्यावरून कळते. तशीच ही युक्ती. अँटीबॉडीलाच चमकणाऱ्या रंगाचा बिल्ला लावायचा.

आजच्या प्रयोगशाळेत काय करतात? किडनीच्या तुकड्याचा एक भाग गोठवतात. उणे २० अंशांच्या आसपास थंड असलेल्या यंत्रात त्याचे इतके पातळ काप काढतात की कांद्याचा पापुद्राही त्यापुढे जाड वाटावा. मग वेगवेगळ्या कापांवर वेगवेगळे बिल्लेवाले औषध टाकतात. एक औषध फक्त माणसाच्या आयजीजीला चिकटते, दुसरे फक्त आयजीएला, तिसरे फक्त सी-३ला. ही औषधे बहुधा ससा किंवा बकरी अशा प्राण्यांच्या रक्तातील अँटीबॉडीपासून बनवलेली असतात. नंतर काप धुतात. जिथे ती वस्तू असेल तिथे बिल्ला चिकटून राहतो, नसेल तिथे धुऊन जातो.

मग अंधाऱ्या खोलीत खास सूक्ष्मदर्शकाखाली निळा प्रकाश टाकला की बिल्ला हिरवागार चमकतो. काळ्या पाटीवर हिरवी रांगोळी काढावी तसा. या तपासणीला इम्युनोफ्लुरोसन्स म्हणतात. लांबलचक नाव आहे, डॉक्टरसुद्धा आयएफ एवढेच म्हणतात. आपणही तेच म्हणू.

४. रांगोळी वाचू या

रांगोळीत काही ठिपक्यांच्या असतात, काही सलग रेघेच्या. आयएफ वाचणारे डॉक्टर तेच बघतात : कोणता बिल्ला चमकला, ठिपके आहेत की रेघ, आणि ते घडाच्या मण्यांच्या कडेला आहेत की देठात.

सलग रेघ. मण्यांच्या कडेने आयजीजीची गुळगुळीत, न तुटलेली हिरवी रेघ. रिपोर्टात शब्द असतो 'लिनिअर'. याचा अर्थ अँटीबॉडी थेट गाळणीच्या पडद्यावरच उठली आहे. हा आजार विरळा आहे, पण भयंकर घाईचा. यात कधी फुप्फुसातूनही रक्त येते, खोकल्यातून रक्त पडते. इथे दिवस मोजून उपचार करावे लागतात. रक्त यंत्रातून फिरवून त्यातल्या अँटीबॉडी काढून टाकतात, सोबत जोरदार औषधे देतात. मधुमेहाच्या रुग्णांतही कधी कधी अशी फिकट रेघ दिसते आणि तिचा अर्थ वेगळा असतो. म्हणून नुसत्या रेघेवरून नव्हे, रुग्ण बघून निदान होते.

कडेने बारीक ठिपके. मण्यांच्या कडेने आयजीजीचे सारख्या अंतरावर रव्यासारखे कण. रिपोर्टात शब्द 'ग्रॅन्युलर'. हा आजार म्हणजे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. खूप प्रोटीन जाते, खूप सूज येते. हा कशामुळे झाला ते शोधावे लागते. काहींना आपोआप होतो, तर काहींना काविळीच्या बी विषाणूमुळे, कर्करोगामुळे किंवा पाऱ्यामुळे. पाऱ्याबद्दल पुढे वेगळे सांगणार आहे.

देठात हिरवा रंग. मण्यांच्या कडेला काही नाही, पण मधल्या देठात आयजीए चमकते, झाडाला फांद्या फुटाव्यात तशी. रिपोर्टात शब्द 'मेसँजियल'. हा आयजीए नेफ्रोपॅथी. घसा धरला की एक-दोन दिवसांत लघवी लाल होते, अशी तक्रार यात ऐकू येते. पॅरिसच्या बर्जर आणि हिंगले या दोन संशोधकांनी १९६८ साली आयएफमुळेच हा आजार ओळखला. तोवर तो इतर आजारांच्या गर्दीत लपलेला होता. आज जगभरात गाळणीच्या दाहाच्या आजारांमध्ये हा सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी एक आहे. बिल्ला नसता तर तो दिसलाच नसता!

आकाशभर तारे. सी-३चे, बऱ्याचदा सोबत आयजीजीचे, मोठे ठिपके इकडेतिकडे विखुरलेले. घसा किंवा त्वचा पिकल्यानंतर होणाऱ्या नेफ्रायटिसमध्ये असे दिसते. हा मुलांमध्ये जास्त.

सगळे दिवे पेटलेले. आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी-३, सी-१क्यू, पाचही चमकतात. डॉक्टर याला 'फुल हाउस' म्हणतात. असे दिसले की पहिली शंका ल्युपसची. ल्युपसमध्ये राखणदार सगळ्या शरीरावरच उठतात : सांधे, त्वचा, केस, रक्त आणि किडनी. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. ल्युपसच्या दर १० प्रौढ रुग्णांपैकी साधारण ९ बायका असतात, आणि त्याही मूल होण्याच्या वयातल्या.

अंधार. काहीच चमकत नाही, किंवा अगदी थोडे. म्हणजे आजार नाही का? तसे नव्हे. अंधार हेही उत्तरच आहे. लहान मुलांच्या सूज येणाऱ्या एका आजारात आयएफ रिकामे असते आणि तो आजार बहुधा स्टेरॉइडने आटोक्यात येतो. दुसरीकडे एएनसीए नावाच्या अँटीबॉडीमुळे होणाऱ्या आजारातही आयएफ जवळजवळ रिकामेच असते, पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गाळण्या फुटलेल्या दिसतात. तो आजार काही आठवड्यांत किडनी संपवू शकतो. म्हणून 'निगेटिव्ह' शब्द वाचून पेढे वाटायचे नाहीत, डॉक्टरांना अर्थ विचारायचा.

बघा, एवढ्याशा तुकड्यातली सहा चित्रे. एकात दिवसांची घाई, एकात महिनोन्‌महिने औषध, एकात कारण शोधून ते बंद करणे. सगळ्यांना एकच 'सुजेची गोळी' देऊन कसे चालेल?

५. दोन बाटल्यांची गोष्ट

हा भाग विशेष नीट वाचा, कारण इथे नातेवाइकांचे लक्ष कामी येते.

बायोप्सीत शेवयांसारखे बारीक, साधारण एक-दीड सेंटिमीटरचे दोन तुकडे काढतात. एक भाग फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो, तो साध्या सूक्ष्मदर्शकासाठी. आयएफचा भाग फॉर्मॅलिनमध्ये जाता कामा नये. फॉर्मॅलिनने अँटीबॉडी झाकल्या जातात आणि बिल्ला नीट चिकटत नाही. तो भाग वेगळ्या द्रावणात ठेवतात, मिशेल्स नावाचे द्रावण बऱ्याच ठिकाणी वापरतात. किंवा प्रयोगशाळा जवळच असेल तर सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडात ठेवून लगेच पोहोचवतात.

लहान शहरांत अजूनही नातेवाइकांनाच बाटल्या घेऊन मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जावे लागते. अशा वेळी विचारायचे : "साहेब, आयएफची बाटली वेगळी दिली ना? कोणती कोणती आहे, चिठ्ठी लावली का? किती वेळात पोहोचवायची? थंड ठेवायची की नको?" यात लाजायचे काय? सगळा तुकडा एकाच बाटलीत गेला तर काही प्रयोगशाळा दुसऱ्या पद्धतीने थोडेफार शोधू शकतात, पण चित्र तितके स्पष्ट येत नाही. कधी पुन्हा सुई टोचायची वेळ येते. पुन्हा खर्च, पुन्हा मजुरी बुडणार.

६. "सुई टोचली की किडनी जाते?"

नाही. हिशेब करून बघा. दोन किडन्यांत मिळून सुमारे २० लाख गाळण्या. तुकड्यात येतात साधारण १० ते २०, कधी थोड्या जास्त. पोत्यातले चार दाणे काढून धान्य तपासतो, तितकेसुद्धा हे नाही.

रुग्णाला पालथे झोपवतात, पाठीची जागा इंजेक्शनने बधिर करतात, सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात. टांके नसतात. नंतर काही तास, बहुधा एक रात्र, दवाखान्यात झोपून राहावे लागते.

धोका अजिबात नाही असे मात्र म्हणणार नाही. मुख्य धोका रक्तस्रावाचा. काहींची लघवी एखादा दिवस लाल होते आणि आपोआप थांबते. क्वचित जास्त रक्त जाते, रक्त चढवावे लागते. म्हणून आधी बीपी आटोक्यात आणतात आणि रक्त गोठण्याची तपासणी करतात. रक्त पातळ करणारी किंवा वेदनाशामक गोळी चालू असेल तर आधी सांगा. घरी आल्यावर साधारण दोन आठवडे हंडा, पाटी, सरपणाची मोळी उचलायची नाही. लाल लघवी, पोटात-पाठीत जोराची कळ किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना.

भीती वाटत असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा : "बायोप्सी केल्याने उपचार बदलणार आहे का? नाही केली तर काय धोका?" ही दोन उत्तरे ऐकून मग ठरवा.

७. प्रत्येकाला बायोप्सी लागते का?

नाही लागत. आपल्याच एका गावातला ८ वर्षांचा मुलगा. आधी अंगाला खरूज झाली, ती खाजवून पिकली. काही आठवड्यांनी तोंड सुजले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली. डॉक्टरांनी रक्तातले सी-३ तपासले, ते कमी होते. त्यांनी तुकडा काढला नाही. बीपीचे औषध दिले, मीठ कमी केले आणि लक्ष ठेवले. मुलगा बरा झाला, पुढे सी-३ही जागेवर आले. मुलांमधला हा आजार बहुतेक वेळा असाच बरा होतो. सी-३ दोन-अडीच महिन्यांतही वर आले नसते, किंवा किडनी बिघडत गेली असती, तर मात्र तुकडा तपासावा लागला असता.

यातून दुसरा धडा : खरूज, पिकलेले फोड साधे समजू नका. घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावा.

मेम्ब्रेनसमध्येही २००९ सालानंतर एक नवी रक्ततपासणी आली आहे. ती पॉझिटिव्ह आली तर काही रुग्णांची बायोप्सी टळते. तेव्हा कोणाला लागेल आणि कोणाला नाही, हे किडनीचे डॉक्टर ठरवतील. आपण फक्त भीतीपोटी 'नको' म्हणायचे नाही.

८. गोरे करणाऱ्या क्रीमचा हिशेब

आता पाऱ्याबद्दल. आपल्या कितीतरी ताई ब्युटी पार्लर चालवतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांच्या लक्षात आले की मेम्ब्रेनसचे रुग्ण अचानक वाढत आहेत. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांनी असे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांच्या तुकड्यात नेल-१ नावाचे प्रथिन सापडले. हा मेम्ब्रेनसचा एरवी कमी आढळणारा प्रकार. आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम लावत होते. अशा क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून रक्तात जातो. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचे प्रोटीन कमी होत गेले. तुकड्याची तपासणी झाली नसती तर हे लोक एकीकडे औषध खात आणि दुसरीकडे क्रीम लावत राहिले असते.

नेल-१ प्रकार आणि काही देशी औषधे यांचाही संबंध भारतातल्या डॉक्टरांनी दाखवला आहे. म्हणून पुडी, भस्म, क्रीम, जे काही घेत असाल ते डॉक्टरांपासून लपवू नका. डबी सोबत न्या. आणि पार्लरवाल्या ताईंनो, ज्या डबीवर बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि जी 'आठ दिवसांत गोरे' म्हणते, ती विकू नका. चार पैसे मिळतील, पण मैत्रिणीची किडनी जाईल.

९. रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट इंग्रजीत असतो. शाळेतल्या मुलीला जवळ बसवून एवढे शोधा :
• तुकड्यात गाळण्या, म्हणजे ग्लोमेरुली, किती आल्या? फारच कमी असतील तर निष्कर्ष कच्चा असू शकतो.
• आयएफ केले आहे का? आयजीजी, आयजीए, आयजीएम, सी-३, सी-१क्यू यांच्यासमोर शून्य ते तीन अधिक अशा खुणा असतात. जितके अधिक, तितका उजेड जास्त.
• लिनिअर, ग्रॅन्युलर की मेसँजियल?
• शेवटी निदान काय लिहिले आहे?

हे शोधायचे ते डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून. स्वतः औषध ठरवायला नव्हे. आयएफ एकटे निदान करत नाही. साधा सूक्ष्मदर्शक, रक्ततपासणी आणि रुग्णाची हकिकत, सगळे जोडून निदान होते. रिपोर्ट आणि जुने कागद एका पिशवीत जपून ठेवा.

आणखी एक. या आजारांतली काही औषधे पोटातल्या बाळाला घातक असतात. औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा : पाळी चुकली आहे का, बाळ अंगावर पिते का, पुढे मूल हवे आहे का. आणि बरे वाटले म्हणून स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करायचे नाही, ते धोक्याचे असते.

१०. त्या ताईचे पुढे काय झाले?

गटाच्या अध्यक्षा आणि दोघी मैत्रिणी तिच्या घरी गेल्या. भांडल्या नाहीत. सासूबाईंना म्हणाल्या, "आत्या, बी न बघता पेरणी करता का तुम्ही? मग आजार न बघता औषध कसं द्यायचं?" गटाने अंतर्गत कर्ज दिले. बायोप्सी झाली. दोन बाटल्या घेऊन तिचा भाऊ एसटीने शहरात गेला. रिपोर्ट आला : पाचही दिवे पेटलेले, फुल हाउस. रक्ताच्या तपासणीनेही तेच सांगितले. ल्युपस.

आज ती औषधावर आहे. सूज उतरली, लघवीतले प्रोटीन बरेच कमी झाले, पुन्हा बैठकीला येते, लेकरू चालायला लागले आहे. पण किडनीचा काही भाग कायमचा वाळला आहे. तो परत येणार नाही. तुकड्यातच दिसले की काही गाळण्या आधीच मेल्या होत्या. डॉक्टर तिला म्हणाले, "थोडं आधी आला असता तर..." ते वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही. तिनेच मला सांगितले, "ताई, पाठ लिहा. माझे सहा महिने दुसरीचे जाऊ नयेत."

गटाने करायच्या गोष्टी

१. सकाळी डोळ्यांखाली सूज, न विरणारा फेस, लाल किंवा चहासारखी लघवी, तरुण वयात वाढलेले बीपी, यातले एकही दिसले तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी आणि बीपी तपासा. आशाताईंना सोबत घ्या. पाळी चालू असेल तर तसे सांगा, नाहीतर लघवीत रक्त दिसून गोंधळ होतो.
२. गरोदरपणात सूज आणि बीपी वाढले तर त्याच दिवशी दवाखाना. बाळंतपणानंतर ३ महिन्यांनीही लघवीत प्रोटीन असेल तर ती 'बाळंतपणाची सूज' नव्हे, किडनीच्या डॉक्टरांना दाखवा.
३. सुजेसोबत लघवी कमी झाली, दम लागला किंवा खोकल्यातून रक्त आले तर बैठकीची वाट बघू नका, लगेच निघा.
४. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणता खर्च बसतो ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.
५. आजारपणाच्या अंतर्गत कर्जाला ठराव करताना 'तपासणी' हा शब्दही घाला. औषधाला कर्ज देतो आणि तपासणीला नाही, असे नको.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. सूज सारखी असूनही औषध वेगळे का लागते?
२. आयएफची बाटली वेगळी का ठेवतात?
३. सलग रेघ, कडेचे ठिपके आणि देठातला रंग, कोणते चित्र कोणत्या आजाराचे?
४. 'निगेटिव्ह' म्हणजे आजार नाही, हे खरे की खोटे?
५. आपल्या गटात किंवा शेजारी अंगावर सूज काढणारी कोणी आहे का? तिच्याकडे या आठवड्यात कोण जाणार? तिचे नाव मोठ्याने घेऊ नका, पण कोण जाणार ते बैठक उठण्याआधी ठरवा.